आरोटे सर, आपलं भांडण चालूच आहे

सर,

परवा मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये विचारलं, नववी 'अ'चं इंग्रजी आता कोण घेणार. मी म्हणाले, मी घेते. बोलून गेले आणि मग लक्षात आलं, तुमचे तास आता माझे झाले. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मॅडम, विचार करा, माझी पोरं तुमच्या शिस्तीत बसायची नाहीत." ती बसत नाहीतच. पण ते पुढे सांगते.

इतकी वर्षं तुम्ही 'अ'ला आणि मी 'ब'ला. मधली भिंत विटांची, पण वर पत्र्यापर्यंत पोचलेली नाही, त्यामुळे तुमचा तास मला रोज ऐकू यायचा. माझा तुम्हाला ऐकू येत नसणार, कारण माझ्या वर्गात तेव्हा फक्त पेनांचा आवाज असायचा. मी श्रीगोंद्याहून नवी नवी इथे, जामखेडच्या या कोपऱ्यात आले होते. पहिल्याच आठवड्यात तुमच्या वर्गातून असा गोंधळ उठला, की मला वाटलं तुम्ही वर्गात नाहीच. शांत करायला म्हणून दाराशी आले, तर तुम्ही मागच्या बाकावर हाताची घडी घालून बसलेले, आणि पुढे खटला चाललेला. धड्यातल्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याची शेळी कोंडून ठेवली होती, त्याचा. टेबलामागे एक पोरगी न्यायाधीश. साक्षीदार उभा होता तो घाम पुसत म्हणाला, "आय सॉ गोट, सर. गोट वॉज क्राइंग."

"व्हॉट टाइम?" वकिलाने विचारलं.

साक्षीदार वर पत्र्याकडे बघू लागला. मग म्हणाला, "व्हेन एस.टी. केम."

वर्ग हसला. वकील मात्र हसला नाही. त्याने विचारलं, "विच एस.टी.? मॉर्निंग एस.टी. ऑर इव्हिनिंग एस.टी.?" आणि मला दारात उभ्या उभ्या कळलं, की या पोराने धडा पुरा वाचलाय, कारण शेळी सकाळची हरवली की संध्याकाळची यावरच सगळी गोष्ट होती. तुम्ही माझ्याकडे बघून हळूच म्हणालात, "मॅडम, पंच कमी पडतोय. बसता का?"

मी बसले नाही. माझा वर्ग स्पेलिंग लिहीत होता.

त्या दिवशी ऑफ तासाला आपलं पहिलं भांडण झालं. मी म्हणाले, हे सगळं ठीक आहे, पण बोर्डाच्या पेपरात खटला चालवायला सांगत नाहीत. तुम्ही चहा बशीत ओतत म्हणालात, "पण गोष्ट समजली का विचारतात ना?" मी म्हणाले, आपली पोरं दिवाळीनंतर निम्मी आई-बापांबरोबर ऊसतोडीला जातात. जी आजीपाशी राहतात तीही घरचं सगळं करून येतात. त्यांना चार निबंध, दोन पत्रं, एक बातमी घोटून द्यावी, पास व्हावीत आणि इथून बाहेर पडावीत. मी स्वतः तशीच बाहेर पडले. आमच्या घरी ऊस होता, तोडायला या इकडच्या भागातली माणसं यायची, पण इंग्रजी बोलणारं आमच्याही घरात कुणी नव्हतं. मी पाठ केलं म्हणून मी या खुर्चीवर आहे.

तुम्ही मला खोटं पाडायला गेला नाहीत. नुसतं म्हणालात, "उसने कपडे घालून लग्नाला जाता येतं, मॅडम. रोज कामाला नाही जाता येत."

"आधी लग्नाला तर जाऊ द्या त्यांना," मी म्हणाले.

तुम्हाला ते आवडलं. तुम्ही मान मागे टाकून हसलात. पुढे मी कधीही पाठाचं टाचण दाखवायला आले, की तुम्ही विचारायचात, "काय मॅडम, लग्नाची तयारी का?" तुम्ही स्वतः टाचण लिहायचात ते इतकं त्रोटक, की तपासायला आलेले साहेब वैतागायचे. एकदा तर नुसतं लिहिलं होतं, 'आज पोरांना विचारायचं, पुढं काय झालं असंल.' तेवढ्यावर तुमचा पूर्ण तास गेला होता. धडा अर्ध्यावर थांबवून पुस्तकं मिटायला लावलीत आणि प्रत्येकाने उरलेली गोष्ट आपल्या मनाने पुरी केली. आधी मराठीत, मग मोडक्या इंग्रजीत. मी भिंतीच्या अलीकडे व्याकरण शिकवत होते आणि माझा एक कान तुमच्याकडे होता. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही. तुमची गोष्ट कुठे थांबली हे मला माहीत असायचं, आणि पुढे काय झालं असेल याचा विचार मी घरी भाकरी थापताना करायचे.

कोमलच्या वर्षीचं तर मला सगळं आठवतं.

ती दहावीत तुमच्याकडे होती. आई-वडील दोघं दर वर्षी तोडीला जायचे. त्या दिवाळीत वडिलांनी ठरवलं, तिलाही न्यायचं. धाकटा भाऊ लहान होता, त्याला सांभाळायला आणि तोडीवरच्या कोपीत, म्हणजे उसाच्या पाल्याच्या झोपडीत, स्वयंपाकाला कुणीतरी हवं होतं. तुम्ही त्यांच्या घरी गेलात. मीही आले होते तुमच्याबरोबर. वडील ओट्यावर बसून बैलाची वेसण वळत होते. म्हणाले, "सर, इंग्रजीत तर ती गचकनारच हाय. मग कशापायी ठिवायची?"

तुम्ही म्हणालात, "गचकली तर पुढच्या वर्षी न्या. मी आडवा येणार नाही."

मला राग आला होता तेव्हा. असा शब्द देतात का? पण त्यावर त्यांनी तिला आजीपाशी ठेवलं.

मग थंडीत तुम्ही मुलाखतीचा पाठ घेतलात. पुस्तकात होतं, एका नामवंत खेळाडूची मुलाखत घ्या, प्रश्न तयार करा. तुम्ही म्हणालात, खेळाडू आपल्याला कुठे भेटणार, ज्याला फोन लागेल त्याची घ्या. सगळ्या वर्गाने मिळून फळ्यावर इंग्रजीत प्रश्न काढले. चुका तुम्ही पोरांकडूनच काढून घेतल्यात. त्यासाठी मला माझ्या वर्गातून बोलावलंत, म्हणालात, "मॅडमना लाल खडू द्या, त्यांना राहवणार नाही." मी दोन ठिकाणी 'डझ' घातला. मग दुपारच्या जेवणाच्या वेळेला, तोडीवर माणसं घटकाभर टेकतात तेव्हा, तुमच्या मोबाईलवरून कोमलने आईला फोन लावला आणि टेबलावर स्पीकरवर ठेवला.

"आय, शाळेतून बोलते. मुलाखत घ्यायची हाय तुझी."

"माझी? काय येड लागलं का तुला? काय झालं, बरी हाईस ना?"

"बरी हाय. तू फकस्त सांग. कामातलं सगळ्यात अवघड काय अस्तं?"

पलीकडून कुणाचं तरी हसू ऐकू आलं. मग आई म्हणाली, "मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं गाडीत चढायचं. फळी हालती. खाली बघायचं न्हाई."

"आन आवडतं काय?"

"आवडायला काय अस्तंय त्यात. सकाळच्याला उसाचं पाचट पेटवून शेकत बस्तो, तेवढं बरं वाटतं."

फळ्यावरचे प्रश्न संपले. कोमलने तुमच्याकडे बघितलं. तुम्ही काहीच खूण केली नाहीत. मग तिने फळ्यावर नसलेला प्रश्न विचारला. "आय, माझ्यायेवढी हुतीस तवा तुला काय व्हायचं हुतं?"

मागे ट्रॅक्टर चालू झाल्याचं ऐकू आलं. आई म्हणाली, "ह्यो पुस्तकातला हाय का प्रश्न?"

"न्हाई. माझा हाय."

"मग घरी आल्यावर सांगते," असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी खडू हातात घेऊन उभी. तुम्ही मोबाईल खिशात टाकलात आणि म्हणालात, "आता लिहा. तिनं सांगितलं ते लिहा, आणि नाही सांगितलं तेही लिहा." एका पोराने विचारलं, "सर, न्हाई सांगितलं ते इंग्रजीत कसं लिव्हायचं?" तुम्ही म्हणालात, "मराठीत तरी कसं लिहायचं ते आधी बघू," आणि उरलेला तास त्यातच गेला. घंटा झाली ती तुमच्या वर्गाने ऐकली नाही. माझा वर्ग मात्र भिंतीपलीकडे पार धिंगाणा घालत होता आणि मी पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले नाही.

कोमलने लिहिलेलं तुम्ही भिंतीवर लावलंत. त्यात चुका होत्या. मी म्हणाले, चुका सुधारून लावा, पाहुणे येतात. तुम्ही म्हणालात, तिची आई येणार आहे बघायला, तिला चुका दिसायच्या नाहीत. आणि ती खरंच आली. हंगाम अजून संपायचा होता, नवऱ्याला तोडीवर ठेवून एकटी आली. अंगावर तोडीवरचाच सदरा, लुगड्यावरून घातलेला. दारातून आत न येता म्हणाली, "माजं नाव इंग्रजीत भिंतीवर हाय म्हनं." तुम्ही तिला वाचून दाखवलंत, आधी इंग्रजीत आणि मग मराठीत. तिने इंग्रजीही तितक्याच मन लावून ऐकलं. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "पेपर व्हईपत्तुर म्या हितंच ऱ्हाते. म्हातारीला होत न्हाई सगळं. पोरीला अभ्यासाला येळ पायजे."

तिला काय व्हायचं होतं ते तिने घरी लेकीला सांगितलं का, हे आपल्याला कधी कळलं नाही. तुम्ही विचारलंही नाहीत. मी एकदा म्हणाले, विचारू का कोमलला? तुम्ही म्हणालात, "तो त्यांच्या घरातला प्रश्न आहे."

जूनमध्ये निकाल लागला. कोमल इंग्रजीत नुसती पास झाली नाही, चांगली पास झाली. तुम्ही जामखेडहून पेढे आणलेत आणि सगळ्यांत आधी माझ्यासमोर पुडा धरलात. "घ्या मॅडम. पाठ न करता." मी पेढा खाल्ला. दुसरा मागून घेतला. आणि त्यानंतर कितीतरी वर्षं, आपलं कुठलंही भांडण कुठेही सुरू झालं तरी शेवटी तुम्ही कोमलपाशीच यायचात. मी म्हणायचे, एका मुलीवरून सगळ्या शाळेचं ठरवता येत नाही. तुम्ही म्हणायचात, "एक तरी आहे ना माझ्याकडं."

शेवटच्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तुम्ही सायकलीला टेकून उभे होतात. थोडे दमलेले वाटलात, पण मी विचारलं नाही, कारण तुम्ही लगेच बोलायला लागलात. "मॅडम, नववीला समुद्राची कविता आलीये. ह्यातल्या एकाही पोरानं समुद्र पाहिलेला नाही. मीच नोकरी लागल्यावर पाहिला. काय करावं?"

मी म्हणाले, "मोबाईलवर व्हिडिओ दाखवा."

"व्हिडिओ दाखवला की पोरं म्हणतात, बघितलाय. मग शब्दाकडं कशाला वळतील?"

"मग शब्दांचे अर्थ द्या. लाट, भरती, किनारा."

"लाट म्हणजे काय हे 'वेव्ह' लिहून कळतं का?"

मला घरी जायची घाई होती. म्हणाले, "सोमवारी बोलू, सर." तुम्ही म्हणालात, "बोलू. पण तुम्ही विचार करून या, नुसतं भांडायला येऊ नका."

रविवारी सकाळी शेजाऱ्यांनी तुम्हाला जामखेडला दवाखान्यात नेलं, तोवर सगळं संपलं होतं. दुपारी काकू आणि तुमचा मुलगा तुमच्या गावाहून, संगमनेरपुढच्या अकोल्याहून आले आणि तुम्हाला घेऊन गेले. मी गाडीच्या काचेतून तुमचे पाय पाहिले. त्याहून जास्त मला पाहवलं नाही.

दहाव्याला शाळेने जीप केली. कोमल आता नगरला दवाखान्यात नर्स आहे. तिला निरोप मिळाला होता, ती नगरला रस्त्यावर उभी राहिली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. खूप वेळ आम्ही उसाच्या गाड्या मागे पडताना बघत होतो. संगमनेरच्या पुढे हिरवं लागायला लागलं तेव्हा ती एकदम म्हणाली, "मॅडम, एक सांगू का? सरांना सांगायचं राहिलं."

मला वाटलं, आईचं काहीतरी असेल.

ती म्हणाली, "बोर्डाच्या पेपराला मी निबंध तुमचा लिहिला होता."

मी म्हणाले, "माझा म्हणजे?"

"तुमी 'ब'च्या पोरींना पाठ करायला दिलेला, झाडावरचा. माझी मैत्रीण 'ब'ला होती, तिच्याबरोबर मीपण पाठ केलेला. पेपरात निबंधाचा प्रश्न आला. सर म्हणायचे, आठव, तुझं तू लिही. मला कायच आठवंना. झाड तेवढं आठवलं. उतरवून टाकलं." मग खाली बघत म्हणाली, "सर पेढे घेऊन आले तवाच सांगायला पायजे हुतं. नंतर दर भेटीला ते तेच सांगायचे. कसं सांगनार?"

सर, मला हसू आलं. खरंच आलं, जीपमध्ये सगळे बघायला लागले. इतकी वर्षं तुम्ही ज्या पोरीला पुढे करून मला गप्प करत आलात, ती माझं झाड लिहून पास झाली होती. आपल्या अख्ख्या भांडणात मी कधी जिंकले असेन तर ती तेव्हा, संगमनेर आणि अकोल्याच्या मध्ये, आणि तुम्ही नव्हतात. हसता हसता मला रडू कधी आलं ते कळलं नाही. कोमलने माझा हात धरला, नर्सबाई धरतात तसा, नाडीवर.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "पर मॅडम, पेपराला बसले ती सरांमुळंच. ती मुलाखत झाली नसती तर आय आलीच नसती. तिकडं वार्डात मी म्हातारी मानसं बघते. कुठं दुखतं इचारलं की सांगत न्हाईत. मग मी नुसती बसून ऱ्हाते. मग सांगत्यात." तुम्ही तिला हे कधी शिकवलंत ते मला माहीत नाही. त्या दुपारी तुम्ही काहीच खूण केली नव्हतीत, एवढं मी पाहिलं होतं.

प्रवरेच्या काठावर सगळं झालं. तुमच्या घरी आलो तर तुम्ही नेहमी सांगायचात तेच डोंगर समोर, कापलेली भातखाचरं, आणि आम्हा कोरड्या भागातल्या माणसांना न पटणारा गारवा. काकू भेटल्या. मला नावाने ओळखत होत्या. म्हणाल्या, "पवार मॅडम ना तुम्ही? तुमच्याशी वाद झाला की रात्री फोनवर मला सगळं सांगायचे, तुमची बाजू पण सांगायचे. मी म्हणायचे, इकडं बदली मागून घ्या, पाऊस आहे, भात आहे. तर म्हणायचे, तिथं भांडायला चांगलं माणूस आहे." मग त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "शेवटी जिंकलं कोण?"

कोमल माझ्या शेजारी उभी होती. तिने मान खाली घातली.

मी म्हणाले, "अजून चालू आहे, काकू."

तुम्हाला ठाऊक होतं का सर, झाडाचं? आता मला कधीकधी वाटतं, ठाऊक असेल. तुम्ही पोरांचे चेहरे वाचायचात. ठाऊक असून पेढे आणले असतील, तर मग मी जिंकले नाही. ठाऊक नसेल, तर मला तुम्हाला सांगावंसं वाटत नाही. दोन्ही बाजूंनी तुम्ही मला अडकवून गेलात.

आता नववी 'अ'. काल पहिला तास घेतला. समुद्राचीच कविता होती. मी विचार करून गेले होते, पण काही सुचलं नव्हतं. फळ्यावर 'सी' लिहिलं आणि विचारलं, तुम्ही पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी कुठलं? कुणी म्हणालं, सहलीला भंडारदरा. कुणी म्हणालं, कारखान्याकडचा कॅनॉल. मागून एक पोरगी, नाव अजून मला नीट माहीत नाही, म्हणाली, "टँकर." सगळे हसले. मी शांत बसा म्हणणार होते, पण म्हणाले नाही. तिला विचारलं, "टँकर कसा समुद्रासारखा?"

ती उभी राहिली. "विहिरीत पाइप सोडला की कसा आवाज येतो, मॅडम. सगळी धावत्यात. मोठ्यानं आवाज येतो. समुद्राचा तसाच येत असंल."

मग पुढे वीस पोरं एकदम बोलायला लागली. आवाज कसला, फेस कसा, पाणी वर कसं उडतं, पाय कसे भिजतात. मी नुसते शब्द देत राहिले, त्यांना हवे तसे. 'वेव्ह' मी आपणहून दिला नाही, त्यांनीच मागून घेतला. शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले. शेवटी मी म्हणाले, प्रत्येकाने एक वाक्य लिहा, समुद्रावर, इंग्रजीत, पाठ केलेलं चालणार नाही. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा मीच दचकले.

त्या पोरीने लिहिलेलं मी वाचून दाखवलं. मराठीत त्याचा अर्थ असा होतो: समुद्र रोज येतो. आमचा टँकर रोज येत नाही. इंग्रजीत तिने 'डझ नॉट' बरोबर जागी घातला होता. मला लाल पेन लावायला काही सापडलं नाही, सर. मी तिला नाव विचारलं, आणि तिने सांगितलं.